ताट तेच, गोष्ट वेगळी : कथनतंत्र ओळखायला शिकताना

सिनेमा आवडला, कादंबरी आतपर्यंत पोचली, मालिकेतला कालचा भाग खोटा वाटला, एवढं कुणालाही सांगता येतं. 'का?' असं विचारलं की मात्र आपण बहुतेक वेळा कथाच पुन्हा सांगायला लागतो. त्या 'का'चं उत्तर स्वतः शोधायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. कॉलेजात रसग्रहण लिहिणारे, एकांकिका बसवणारे, लघुपट करू पाहणारे, नुसतेच मन लावून बघणारे-वाचणारे, सगळ्यांना ही पद्धत चालेल.

पद्धतीचा गाभा असा: तंत्राचं नाव ओळखलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ते तंत्र मनातल्या मनात काढून टाका किंवा त्या जागी दुसरं घाला, आणि काय हरवलं ते बघा. जे हरवलं, तेवढा अर्थ त्या तंत्रानं घडवलेला होता. पुढे या तपासणीला आपण 'काढून बघणं' म्हणू.

सामान थोडंच लागतं. एक रेघांची वही, दोन रंगांच्या पेन्सिली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एक कथा आणि सिनेमातला किंवा मालिकेतला एक प्रसंग. कथा 15 पानांच्या आतली घ्या, दिवाळी अंकात अशा भरपूर मिळतात. प्रसंग 2 ते 4 मिनिटांचा पुरे. नवखे लोक अख्खा सिनेमा घेतात आणि दोन तासांचा सारांश लिहून दमतात. तीन मिनिटांचा प्रसंग नीट उलगडायला सहज दोन तास जातात.

पायरी 1 : घटनांची कोरडी यादी

आधी काय काय घडलं ते लिहायचं. क्रियापदं ठेवायची, भावना गाळायच्या. उदाहरणासाठी आपण एक प्रसंग रचू आणि शेवटपर्यंत तोच वापरू. जागा सदाशिव पेठेतली मेस.

1. दुपारी स्पर्धा परीक्षेचा निकाल लागतो. मुलाचं नाव यादीत नसतं.
2. रात्री साडेनऊला, मेस बंद व्हायच्या वेळी, तो येतो.
3. त्याचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले असतात.
4. मेसच्या काकू ताट वाढतात.
5. तो जेवतो आणि मेसचं कार्ड टेबलावर ठेवून निघून जातो.
6. काकू वहीत त्या रात्रीपुढे 'खाडा' लिहितात.

मेसवर जेवलेल्यांना खाडा सांगायला नको. ज्या वेळी जेवलो नाही ती वेळ, तिचे पैसे धरायचे नाहीत. इथे मुलगा जेवलाय, तरी खाडा पडलाय.

या पायरीवर हमखास होणारी चूक म्हणजे 'काकू मायेनं ताट वाढतात' असं लिहिणं. ताट वाढणं ही घटना आहे. माया हा तुम्ही काढलेला अर्थ आहे, आणि तो तुम्हाला कुठून मिळाला हेच आपल्याला शोधायचंय. 'म्हणून', 'कारण', 'बिचारा' हे शब्द यादीत दिसले की खोडा. त्यांना वहीच्या उजव्या समासात, दुसऱ्या रंगानं जागा द्या. पुढे त्यांचीच उलटतपासणी करायची आहे.

पायरी 2 : सांगतंय कोण, आणि दिसतंय कुणाला

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवणं ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची सवय आहे. आवाज एकाचा आणि डोळे दुसऱ्याचे, असं सर्रास होतं. मराठीत तर हे एका छोट्या प्रत्ययात किंवा अव्ययात लपलेलं असतं. वर दिलेली दुसरी आणि तिसरी घटना तीन तऱ्हांनी बघा:

तो साडेनऊला मेसवर आला. त्याचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते.

तो मेसच्या पायरीशी थांबला. आज तरी विचारतीलच. आणि विचारलं तर काय सांगायचं?

निकाल लागला म्हणे आज. साडेनऊ झाले तरी याचा पत्ता नाही.

पहिल्यात बाहेरून सांगणारा निवेदक आहे. थकलेले पैसे ही त्याच्या दृष्टीनं माहिती आहे. दुसऱ्यात निवेदक अजून 'तो' म्हणतोय, पण शेवटची दोन वाक्यं मुलाच्या डोक्यातली आहेत. 'त्याला वाटलं की' गाळलंय, म्हणून निवेदक आणि पात्र यांच्यामधली भिंत विरघळली. 'त्याला वाटलं की आज तरी त्या विचारतील' असं करून बघा. वाक्य शुद्ध राहील, धडधड जाईल. हेच काढून बघणं.

तिसऱ्यात 'म्हणे' या एका शब्दानं सगळं केलंय. बोलणाऱ्या बाईनं यादी पाहिलेली नाही, कुणाकडून तरी ऐकलंय, आणि तरीही ती वाट बघतेय. 'निकाल लागला आज' असं केलंत तर ती बातमी होते. मराठी कथा वाचताना 'म्हणे', 'वाटतं', 'असावा', 'बहुधा' अशा शब्दांखाली रेघ मारत चला. निवेदकाला किती ठाऊक आहे याच्या हद्दी तिथेच आखलेल्या असतात.

तसंच 'तो आला' आणि 'ते आले', 'तू' आणि 'तुम्ही', 'आम्ही' आणि 'आपण'. काकूंनी मुलाला रोज 'अरे' म्हटलं आणि त्या रात्री 'बसा' म्हटलं, तर एक अक्षरही न सांगता अंतर पडलं. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत असतील तर गोष्ट कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न विचारायलाच हवा. निवेदनही बोलीत आणून बघा: पात्राकडे बाहेरून पाहणारी नजर नाहीशी होते, आणि कधी कधी वाचकच बाहेरचा ठरतो.

लेखक म्हणजे निवेदक नव्हे, ही गाठ मराठीत फार पूर्वी बांधली गेली आहे. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 1890 पासून पुण्यातल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. लिहिणारा पुरुष, पण सगळी कहाणी यमू स्वतः 'मी' म्हणून सांगते. ती तृतीयपुरुषात फिरवून बघा. बालवयातलं लग्न, सासर, वैधव्य हे सगळं जसंच्या तसं राहील, पण मजकूर सुधारणेच्या बाजूनं लिहिलेल्या निबंधाकडे झुकेल. यमूच्या आवाजात तिला त्या वेळी न कळलेल्या गोष्टीही वाचकाला कळतात, आणि वाचकाची तगमग त्या फटीतून येते.

नाटकात निवेदक अंगानंच समोर उभा राहतो. 'घाशीराम कोतवाल' 1972 साली पुण्यात प्रथम रंगमंचावर आलं, तेव्हा गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची एक रांग हाच त्याचा पडदा होता. ही माणसं गोष्ट सांगतात, तिच्यात वागतात, आणि पाठ फिरवली की मागचं झाकतात. त्या जागी कापडी पडदा टाकून बघा. प्रसंग झाकला जाईलच, पण झाकणारा कोण, हा प्रश्न उरणार नाही. कापडाला जबाबदारी नसते.

पडद्यावर हेच काम कॅमेऱ्याची जागा करते. वहीत तीन गोष्टी टिपा: कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, कुणाच्या उंचीवर आहे, आणि पात्राला जे दिसतंय तेवढंच आपल्याला दिसतंय की जास्त. मेसच्या प्रसंगात कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात, काकूंच्या खांद्यामागे ठेवला तर मुलगा हे एक गिऱ्हाईक असतं, ज्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न आपण त्यांच्यासोबत करतो. तोच कॅमेरा ताटाच्या पातळीवर आणला तर काकूंचे फक्त हात दिसतात.

'फँड्री'च्या (2013) शेवटी जब्या दगड भिरकावतो तो कॅमेऱ्याच्या दिशेनं. दगड फ्रेमच्या डावीकडून उजवीकडे गेला असता तर तो गावातल्या पोरांवर फेकलेला दगड राहिला असता, आणि आपण बघे. आता आपण बघे राहू शकत नाही.

'खालून घेतलेला शॉट म्हणजे सत्ता, वरून घेतलेला म्हणजे दुबळेपणा' असला तक्ता पाठ करू नका. मेसमध्ये बसलेल्या मुलाच्या डोळ्यांतून उभ्या असलेल्या काकू खालूनच दिसणार, त्यात सत्ता नाही. तंत्राचा अर्थ त्या प्रसंगात, शेजारच्या शॉटमुळे ठरतो.

पायरी 3 : क्रम

यादीतल्या सहा घटना सहा चिठ्ठ्यांवर लिहा आणि टेबलावर हलवा.

पहिली चिठ्ठी पहिली ठेवली तर निकाल आपल्याला ठाऊक असतो. काकू ताट वाढेपर्यंत आपण 'विचारू नका हो' असं मनात म्हणत बसतो. पहिली चिठ्ठी शेवटी नेली, तर मुलगा आधी फुकट जेवणारा वाटतो आणि कार्ड ठेवून जाणं उर्मटपणा वाटतो. मग निकाल कळतो आणि आपल्याला आपलाच निवाडा मागे घ्यावा लागतो. आधीच्या रचनेत विषय त्याचं दुःख होता, नंतरच्या रचनेत आपली घाई. सहावी चिठ्ठी सुरुवातीला आणा: वहीत खाडा दिसतो आणि पुढच्याच दृश्यात तो मुलगा जेवताना दिसतो. आता गोष्ट काकूंची झाली, 'यांनी खोटं का लिहिलं?' अशी.

म्हणून क्रम तपासताना वहीत तीन रकाने करा: पात्राला केव्हा कळतं, दुसऱ्या पात्राला केव्हा कळतं, आपल्याला केव्हा कळतं. या तीन वेळांमधली तफावत म्हणजे ताण, उत्सुकता किंवा धक्का. आपल्याला आधी कळलं तर ताण येतो. एकदमच कळलं तर धक्का बसतो, आणि तो दुसऱ्यांदा बघताना ओसरतो.

फ्लॅशबॅक दिसला की एकच प्रश्न विचारा: तो आत्ताच का आला? उत्तर 'आपल्याला माहिती द्यायला' एवढंच निघालं तर तो फ्लॅशबॅक बहुधा कच्चा आहे. तो काढून, तीच माहिती एका संवादात देऊन बघा. काही बिघडलं नाही तर तुमची शंका खरी.

शेवट कुठे केलाय हाही क्रमाचाच भाग. 'कोर्ट' (2014) या चित्रपटात कामकाज संपतं, दालन रिकामं होतं, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळोखा होतो. बहुतेकांना सिनेमा संपला असं वाटतं. मग न्यायाधीशांच्या सुट्टीच्या सहलीचं दृश्य येतं. काळोखावर थांबला असता तर तो एका यंत्रणेचा सिनेमा झाला असता. पुढच्या काही मिनिटांनी त्या यंत्रणेतला घरगुती माणूस दाखवला, आणि निकाल देणारं डोकं कोर्टाच्या वेळेबाहेर कसं चालतं हे कळलं.

पायरी 4 : वेळ मोजा

इथे स्टॉपवॉच काढायचं. प्रसंग किती सेकंदांचा, त्यात शॉट किती, भागाकार करा. 180 सेकंदांत 36 शॉट असतील तर सरासरी 5 सेकंदांचा शॉट, 6 असतील तर 30 सेकंदांचा. सरासरीवर थांबू नका. सगळे शॉट चार-पाच सेकंदांचे आणि एकच वीस सेकंदांचा असेल, तर दिग्दर्शकानं बोट तिथे ठेवलंय. तो शॉट मनात पाच सेकंदांचा करून बघा.

पुस्तकात सेकंदांऐवजी ओळी मोजा. तीन वर्षांचा अभ्यास एका ओळीत आणि ताट वाढणं दीड पानात असेल, तर लेखकानं वजन कुठे टाकलंय हे स्पष्ट आहे. मराठीला यात एक जादाचं हत्यार आहे, रीतिभूतकाळ. 'तो आला, कोपऱ्यात बसला' ही एक रात्र झाली. 'तो येई, कोपऱ्यात बसे' या तीन वर्षांच्या सगळ्या रात्री झाल्या. 'येई, बसे, जेवे' असं चाललेलं असताना अचानक 'त्या रात्री तो आला' असं वाक्य येतं तेव्हा वाचक सावध होतो, ते या क्रियापदामुळे. अशा वळणांवर पेन्सिलीनं फुली मारा. ती सापडली की कथेचा सांधा सापडतो.

रोजच्या मालिकांचा वेळ वेगळ्या गरजेतून घडतो, आणि त्या नाक मुरडण्याऐवजी मोजून बघण्याजोग्या आहेत. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळता साधारण 20 ते 22 मिनिटं उरतात. बघणारं माणूस पोळ्या लाटतंय, मुलाचा अभ्यास घेतंय, अर्ध्या गोष्टी नुसत्या ऐकतंय. म्हणून पात्रं एकमेकांना नावानं हाका मारत राहतात, घडलेलं पुन्हा बोलून दाखवतात. एका थपडेनंतर घरातल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दिसतात. हे चेहरे काढून बघा. थप्पड दोन माणसांमधली खासगी गोष्ट होईल. चेहऱ्यांमुळे ती कुटुंबापुढे झालेली गोष्ट ठरते, आणि मालिकेचा विषय बहुतेकदा तोच असतो: चारचौघांत काय झालं. जाहिरातीच्या आधीचं शेवटचं वाक्य आणि भागाचं शेवटचं वाक्य वेगळं टिपून ठेवा, तिथे कोणता प्रश्न उघडा ठेवलाय ते बघा. सगळे भाग एकदम उपलब्ध असलेल्या वेब मालिकेत हा उघडा प्रश्न रात्रभर घरी मुरत नाही, म्हणून तिथे तो बराच वेगळ्या जातीचा असतो.

एक सूचना मनापासून: अभ्यासाचा प्रसंग दीडपट वेगानं बघू नका. लांबी हेच तंत्र असेल तर तुम्ही तेच मोडून टाकलेलं असतं.

पायरी 5 : आवाज बंद, मग चित्र बंद

प्रसंग आधी न थांबवता बघा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा मोबाइल पालथा घालून, फक्त ऐकत. दुसऱ्या वेळी जी भावना टिकते ती चित्रातून आलेली, जी गळून पडते ती आवाजातून. पार्श्वसंगीत सुरू कधी झालं आणि कुणाच्या चेहऱ्यावर झालं ते सेकंदासकट लिहा. काकू ताट उचलण्याआधीच बासरी वाजली, तर माया काकूंनी दाखवलेली नाही, संगीतानं आगाऊ सांगितलेली आहे.

उलट बाजूनं, नसलेला आवाजही ऐका. प्रभातच्या 'कुंकू'नं (1937) पार्श्वसंगीताऐवजी घरातल्या-बाहेरच्या साध्या आवाजांवर भिस्त ठेवली. 'सैराट'च्या (2016) शेवटी, दोन तासांहून अधिक वेळ गाण्यांनी आणि वाद्यमेळानं भरलेल्या सिनेमात, आवाज नाहीसा होतो आणि लहान मूल चालत राहतं. तिथे करुण सूर टाकून बघा. रडायला आधार मिळेल. आत्ता तो मिळत नाही, आणि म्हणूनच थिएटरमधला माणूस खुर्चीत खिळून राहतो.

जोडणीचा एक प्रयोग घरी करा. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेल्या प्रयोगाची ही सोपी आवृत्ती आहे. मित्राचा भावहीन चेहरा 5 सेकंद चित्रित करा. मग भरलेलं ताट, रिकामी खुर्ची आणि मोबाइलवर उघडलेली निकालाची यादी, प्रत्येकी 3 सेकंद. तोच चेहरा प्रत्येकापुढे जोडून तीन वेगवेगळ्या माणसांना दाखवा आणि 'तो कसा दिसतोय?' एवढंच विचारा. मित्रानं ओठ-भुवया हलवल्या तर प्रयोग फसतो. त्याला मनात शंभरापासून उलटे आकडे मोजायला सांगा.

पायरी 6 : दीडशे शब्दांत लिहा

आता कागदावर. रचना अशी ठेवा: एक तंत्र, ते नेमकं कुठे आहे (मिनिट-सेकंद किंवा पान-ओळ), ते काढलं तर काय हरवतं, आणि म्हणून ते काय घडवतं. एका वेळी एकच तंत्र. 'दिग्दर्शकाला असं म्हणायचंय' हे वाक्य टाळा, कारण तुमच्यासमोर प्रसंग आहे, दिग्दर्शकाचं मन नाही. प्रतीकांच्या मागेही फार धावू नका. काळा कावळा म्हणजे मृत्यू असं आधीच ठरवून बसलेल्याला कावळा दिसायचा थांबतो. मेसच्या गोष्टीतला 'खाडा' मोठा वाटतो तो त्याच्या जागेमुळे. कार्ड ठेवून गेल्यानंतर तो आलाय, आणि काकू काही बोललेल्या नाहीत. आधी आला असता तर तो हिशेबातला एक शब्द होता.

साहित्य पुण्यात हाताशी आहे. नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयात जुने कथासंग्रह मिळतील. लॉ कॉलेज रस्त्यावर 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि त्याच भागात, प्रभात स्टुडिओच्या जागेत, 1960 साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट. संग्रहालयातल्या खेळांवर लक्ष ठेवा, कारण काळोखात, मोठ्या पडद्यावर, न थांबवता बघितल्याशिवाय चौथ्या पायरीतला वेळ अंगात भिनत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात एकापाठोपाठ एकांकिका बघता येतात. कट आणि क्लोजअप नसताना प्रत्येक गट आपली नजर कशी वळवतो, प्रकाशानं, हालचालीनं की शांततेनं, एवढंच टिपत बसा.

शक्य असेल तर हे दोघांनी करा. एकच प्रसंग, वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या वह्या, आणि आठवड्यानं अदलाबदल. दोघांच्या उजव्या समासात वेगळं लिहिलेलं असेल, एकाकडे 'माया' आणि दुसऱ्याकडे 'दया', तर वाद घालण्याआधी प्रसंग पुन्हा लावा आणि तो शब्द प्रत्येकाला कितव्या सेकंदाला सुचला ते बघा.